उघड्या हातांचे सत्तर सेकंद

मिरजेच्या तहसील कचेरीच्या आवारात, झेरॉक्सवाल्याला लागून, विधी साहाय्य केंद्राची एक खोली आहे. सकाळी दहाला कुलूप उघडलं की वृषालीताई ताम्हनकर आधी उदबत्ती लावत आणि मग कपाटातून स्टीलचा गोल डबा काढत. नवख्या माणसाला वाटावं, बाईंनी पोळ्या आणल्यात. डब्यात मोजे असत.

बाळंतपणं करणाऱ्या हातांवर टिपमोजे आले, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. केसाहून बारीक तंतू विणलेले हे मोजे डॉक्टर किंवा सिस्टर घालत, आणि कोणत्या बोटाने किती दाबलं, हात कोणत्या दिशेला किती जोराने ओढला गेला, हे सगळं ते टिपून ठेवत. ते टिपलेलं दुसऱ्या एका जोडीत भरता येई. तिला म्हणत प्रतिमोजे. ते घालून हात टेबलावर नुसते ठेवायचे. मग आपले हात निवांत पडलेले असतात आणि त्यांना कळत राहतं, त्या दिवशी त्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी काय केलं.

इतर वकील कागद वाचत, वृषालीताईंना हात वाचावे लागत. तशा त्या वकीलही नव्हत्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता बिनपगारी विधी स्वयंसेवक होत्या. अर्ज कसा लिहायचा, कोणती नोंद कुठून मागवायची, मंडळासमोर काय बोलायचं, हे लोकांना समजावून सांगणं त्यांचं काम. वडील वासुदेवबुवा गावोगाव कीर्तनं करत तेव्हा त्यांच्या मागे झांज धरून उभी राहणारी मुलगी ती हीच. झांजेने हातांना एक शिकवलं होतं. लय कानाआधी तळव्याला कळते.

त्या दिवशी समोर वेदांग आणि ईश्वरी कोळेकर बसले होते. ईश्वरीच्या मांडीवर साडेतीन महिन्यांची वारणा. पोर गुटगुटीत, डोळे टपोरे, डावा हात सारखा हवेत. उजवा मात्र अंगाला चिकटून सरळ लोंबलेला, मनगट मागे वळलेलं. कुणी पाठीमागे हात करून गुपचूप खाऊ घेतंय, तसा. जन्मताना बाळाचा खांदा अडकला होता, आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला हिसका बसला होता. बहुतेक मुलांचा असा हात मालिश आणि व्यायामाने आपोआप परततो. वारणाचा कोपर अजून एकदाही वाकला नव्हता. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, मज्जासेतू बसवावा लागेल. म्हणजे तुटलेल्या तंतूने ज्याच्या आधाराने पुढे वाढत जावं, अशी सुतासारखी नळी. पण ती सहा महिन्यांच्या आत बसली तरच उपयोग. नंतर दंडाचे स्नायू वाट पाहून थकतात.

"आलं का मोज्यांच्या कंपनीचं उत्तर?" वेदांगने विचारलं.

"आलं." वृषालीताईंनी कागद त्याच्याकडे सरकवला. "मोजे तपासले, ठणठणीत आहेत म्हणतात."

ईश्वरीने डोळे मिटले. कागदात काय दडलंय, ते तिला न वाचता कळलं.

जन्मइजा साहाय्य कायदा तसा दयाळू होता. चूक कुणाची, हे निर्णय देणारं मंडळ विचारत नसे. इजा जन्मतानाच झाली का, एवढंच विचारी. झाली असेल तर सगळा उपचार सरकारी निधीतून, अगदी पहिल्या शस्त्रक्रियेपासून शेवटच्या व्यायामापर्यंत. पण ते दाखवायला एकतर मोज्यांची नोंद हवी, नाहीतर तिथे हजर असलेल्या माणसाची साक्ष. वारणाच्या नोंदीत डोकं बाहेर आल्यानंतर सत्तर सेकंद कोरे होते. त्याआधीची ओढ मर्यादेत, त्यानंतर थेट बाळ पुसल्याची हालचाल. प्रसूतिगृहाने लिहून दिलं होतं की इजा पोटातही झालेली असू शकते. वृषालीताईंनी अर्जात चौथं वाक्य लिहिलं होतं, 'मोजे मध्येच बंद पडले.' ते वाक्य आता गळून पडलं होतं, आणि सुनावणीला बारा दिवस होते.

"मी घालून बघू का एकदा?" वेदांग म्हणाला.

"बाप आहेस. सोसेल का?"

"तुम्ही दहा वेळा घातलेत की."

"मी बाप नाही ना."

"घालू द्या ताई," ईश्वरी म्हणाली. "हा माणूस तोंडानं काही बोलत नाही. हातानं तरी ऐकू दे."

वेदांग सतारमेकरांच्या कारखान्यात जवारी काढायचं काम करी. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथे टेकते, ती जागा घासून घासून अशी करायची की तार नुसती वाजू नये, गुंजावी. ज्या फरकाने तार मुकी होते किंवा बोलते, तो डोळ्याला दिसत नाही. बोटाला कळतो.

त्याने प्रतिमोजे घातले, हात टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली. वृषालीताईंनी कळ दाबली. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेवट आल्यावर तो म्हणाला, "परत." तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"ताई, हे बंद पडलेले नाहीत. हे काढलेत."

"काढलेत म्हणजे?"

"शेवटचा क्षण बघा. आधी करंगळी सैल होते, मग तिच्या शेजारची, मग मधली. बंद पडले असते तर पाचही बोटं एकदम गेली असती. हे कुणीतरी एकेक बोट ओढून काढलेत, आणि घाईनं. मी रोज असेच काढतो."

"तू कशाला काढतोस? तुमच्याकडे मोजे घालायचा नियम आहे ना?"

"आहे की. घोडीच्या हाडाची पूड बोटांत जाते म्हणून मालकांनी पाटीच लावलीय. पण शेवटचा हात मारायची वेळ आली की सगळेच काढतात, मालकसुद्धा. मोज्यातून तार बोलत नाही, ताई."

वृषालीताईंनी स्वतः मोजे चढवले आणि डोळे मिटून ऐकलं. करंगळी, तिच्या शेजारची, मधली. दहा वेळा हे त्यांच्या हातावरून गेलं होतं आणि दहाही वेळा त्यांनी त्याला बिघाड म्हटलं होतं. आयुष्यभर झांज वाजवलेल्या हातांची त्यांना त्या क्षणी जरा लाज वाटली.

"त्यांचा हात ऊन होता," ईश्वरी एकाएकी म्हणाली. "आधी गार गार लागत होतं. मग एक ऊन हात आला. मला वाटलं देवाचाच आहे. त्यानंतर ही रडली."

तो हात एस्तेर लोंढे सिस्टरचा, हे तिघांनाही माहीत होतं. डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकले होते. खोलीत एस्तेर सिस्टर आणि हाताखाली एक शिकाऊ मुलगी, एवढ्याच होत्या. आणि बाळ अडकलेलं असताना टिपमोजे काढणं म्हणजे नोकरीवर गदा, हेही तिघांना माहीत होतं.

वेदांगने मोजे घडी करून डब्यात ठेवले. "मग राहू दे, ताई. त्यांनी पोरगी जिवंत दिली. त्यांचं नाव घेऊन आपण अर्ज जिंकायचा, हे काही बरं नाही."

"वेदांग," ईश्वरीचा आवाज चढला नव्हता, "सिस्टरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण ते फेडायला माझ्या पोरीचा हात देऊ नकोस. तो तुझा नाही."

वारणाने डाव्या हाताने त्याच्या शर्टाचं बटण धरलं होतं.

"मी जाऊन येते," वृषालीताई म्हणाल्या. "पण साक्ष द्या, असं मी म्हणणार नाही. आम्हाला ती मुभा नाही आणि मला ते शोभतही नाही. कायद्यात काय आहे तेवढं सांगेन."

रविवारी उपासना आटोपून एस्तेर सिस्टर घरी आल्या होत्या आणि ओट्यावर मेथी निवडत होत्या. वृषालीताईंना पाहताच त्यांनी काही न विचारता स्टूल पुढे केलं. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत, हात मात्र एखाद्या विणकरणीसारखे हलके. निम्म्या गल्लीतली मुलं त्यांच्याच हातांवर आलेली.

"सिस्टर, मी कशासाठी आले ते तुम्ही ओळखलंच असेल."

"चहा घेणार?"

"घेईन. आधी सांगून टाकते. बाळाला इजा कशी झाली, हे मंडळासमोर सांगणाऱ्यावर त्या इजेसाठी कुठलाही खटला होत नाही. हे कायद्यात स्पष्ट आहे. पण मोजे काढण्याचा नियम वेगळा आहे, खात्याचा. तिथे कायदा तुम्हाला वाचवत नाही. त्याबद्दल मी गोड बोलून फसवणार नाही."

एस्तेर सिस्टरनी मेथीची एक काडी उचलली आणि तिची पानं एकेक करून खुडली. सगळी खुडून झाल्यावर म्हणाल्या, "बाळ हात हलवतं का?"

"बोटं हलवते. कोपर नाही."

सिस्टर उठल्या, चहा टाकला, भरपूर आलं घातलं. चहा पिऊन होईपर्यंत दोघी पावसाबद्दल बोलल्या. निघताना सिस्टर दारापर्यंत आल्या, इतकंच. होय म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

सुनावणी श्रावणातल्या एका मंगळवारी सांगलीत होती. मंडळाचे तिघे समोर बसले होते. मध्ये निवृत्त न्यायाधीश सबनीस, एका बाजूला बालरोगतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला समाजकल्याणच्या एक बाई. प्रसूतिगृहाचे वकील कागद लावून तयार. कोळेकर नवराबायको पहिल्या बाकावर. वृषालीताई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला, पांढरा गणवेश दिसला. त्या बाजूला पुन्हा पाहायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

वासुदेवबुवांची एक रीत होती. आख्यान रंगात आलेलं असताना एखादा चरण चुकीचा म्हटला गेला, की बुवा हात वर करत, झांज थांबवत, श्रोत्यांना नमस्कार करून म्हणत, "चुकलं. पुन्हा घेतो." आणि तो चरण पहिल्यापासून घेत. कुणाच्या लक्षात आलं नसतं तरी घेत. लहानपणी वृषालीला त्या क्षणाचा फार संकोच वाटे. सगळा देऊळभर समाज आपल्याकडे बघतोय असं होई. बुवा परतताना बैलगाडीत म्हणत, "बाळ, चूक पोटात ठेवून पुढचं गायलं, तर पुढचं सगळं तिच्याच सुरात होतं."

"महोदय," वृषालीताईंनी मंडळाला नमस्कार केला, "पुढचं बोलण्याआधी माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. अर्जातलं चौथं वाक्य मी लिहिलं. 'मोजे मध्येच बंद पडले.' ते चुकलं. पुन्हा घेते. मोजे बंद पडले नव्हते. ते काढले होते."

प्रसूतिगृहाचे वकील कागदांतून वर आले. "ही नवीनच गोष्ट काढली तुम्ही."

"नवी नाही. पहिल्यापासून नोंदीत होती. माझ्या हातांना ती ऐकू आली नाही, या मुलाच्या हातांना आली."

सबनीसांनी प्रतिमोजे मागवून स्वतः घातले. शेवट दोनदा ऐकला. मोजे उतरवताना ते मध्येच थबकले, कारण त्यांनीही करंगळीपासूनच सुरुवात केली होती. "मान्य आहे," ते म्हणाले. "काढलेले दिसतात. पण मग या सत्तर सेकंदांत काय झालं, हे मंडळाला कोण सांगणार?"

"ते मला ठाऊक नाही, महोदय. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी विचारलेलं नाही."

सबनीसांनी पेन उचललं, खाली ठेवलं. घड्याळाकडे पाहिलं. वारणा आईच्या खांद्यावर झोपली होती आणि तिचा उजवा हात ईश्वरीच्या पाठीवर नुसता लोंबत होता. मागच्या बाकावरून तो नीट दिसत असणार.

"मी सांगते," मागून आवाज आला.

एस्तेर सिस्टर पुढे आल्या. शपथ घेतली आणि दोन्ही हात समोर धरले, जणू त्यांत अजून काही होतं.

"डोकं आलं आणि थांबलं. खांदा हाडाच्या मागे अडकला. मोज्यातून मला काही समजेना, कुठे अडकलंय ते. सगळं जाड जाड. बाळ निळं पडायला लागलं. म्हणून मोजे काढले. काढले आणि एकदा ओढलं, खाली. तेव्हाच माझ्या बोटांना कळलं." त्या थांबल्या. "दोरा तुटायच्या आधी कसा ढिला होतो, तसं मानेपाशी काहीतरी ढिलं झालं. मी तिथेच सोडलं. मग हात आत घालून बाळाचा मागचा हात शोधला, तो छातीवरून बाहेर घेतला. उघड्या हातालाच तो सापडला. मोज्यातून नसता सापडला. मग बाळ आलं आणि रडलं, तेव्हा मोजे पुन्हा चढवले."

"हे तुम्ही तेव्हाच का सांगितलं नाही?" समाजकल्याणच्या बाईंनी विचारलं.

"आधी भीती वाटली. मग प्रसूतिगृहातून मला सांगितलं, नोंद स्वच्छ आहे, तू गप्प राहा. जवळजवळ चार महिने मी गप्प होते. रोज हात धुताना ते ढिलं होणं पुन्हा बोटांना लागायचं." त्या ईश्वरीकडे वळल्या. "पोरी, इजा माझ्या हातानं झाली."

ईश्वरी उठली. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी कडू बोलणार. तिने झोपलेली वारणा सिस्टरच्या त्या पुढे केलेल्या हातांवर ठेवली.

"आणि जीवही तुमच्याच हातानं आला," ती म्हणाली. "दोन्ही लिहून घ्या म्हणावं."

सबनीसांनी दोन्ही लिहून घेतलं.

निकाल त्याच आठवड्यात आला. भाद्रपदात पुण्यात वारणाच्या मानेपाशी मज्जासेतू बसला. डॉक्टरांनी सांगितलं, आता घाई करायची नाही. तंतू त्या नळीतून दिवसाला एक मिलिमीटर चालतो, कोपर वाकवणाऱ्या स्नायूपर्यंत पोचायला पाच महिने लागतील. ईश्वरीने स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली, रोज एक, नखाएवढ्या अंतरावर. वेदांग चेष्टेने म्हणायचा, पोरगी उंच व्हायच्या आधी तिचा तंतू दार ओलांडून जाईल.

एस्तेर सिस्टरवर खात्याची चौकशी बसली. निकालाच्या शेवटी मंडळाने लिहिलं होतं की या बाईंच्या खऱ्या बोलण्यामुळेच एका बाळाला वेळेत उपचार मिळाला, याची दखल घेतली जावी. दखल घेतली गेली, म्हणजे नोकरी राहिली. पण पाच महिने त्यांना बाळंतिणींच्या खोलीतून काढून नावं नोंदवायच्या टेबलावर बसवलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. "अक्षर सुधारलं माझं," म्हणायच्या.

माघात कृष्णाघाटावरच्या देवळात उत्सव होता. कीर्तन दुपारी चारचं. वासुदेवबुवांचे शिष्य उभे होते आणि वृषालीताई नेहमीप्रमाणे मागे झांज घेऊन. देवळाच्या जुन्या तंबोऱ्याची जवारी वेदांगने आठवडाभर बसून काढून दिली होती. मोबदला विचारला तर म्हणाला, "मला ऐकायला पुढे बसू द्या." तारा अशा गुंजत होत्या की शिष्यांनी नमन संपल्यावर क्षणभर गाणं थांबवून नुसता तंबोराच ऐकू दिला.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात कीर्तनकारांना हार घातला, बुक्क्याची वाटी फिरू लागली. ईश्वरी वारणाला कडेवर घेऊन मागच्या रांगेकडे गेली, कारण तिथे खांबाला टेकून एस्तेर सिस्टर बसल्या होत्या. वृषालीताईही झांज हातात घेऊनच तिकडे गेल्या. ईश्वरीने वाकून सिस्टरना नमस्कार केला, त्यांनी तिला मध्येच धरलं.

"सोमवारपासून पुन्हा बाळंतिणींकडे जातेय," सिस्टर म्हणाल्या.

"देवाची कृपा," वृषालीताई म्हणाल्या आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

वारणाची नजर झांजेच्या लाल गोंड्यावर खिळली होती. वृषालीताईंनी तो तिच्यासमोर हलवला. डावा हात लगेच पुढे आला. उजवा पुढे यावा म्हणून ईश्वरीने तो हलकेच धरून ठेवला, पुण्याच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा. पोर जरा चिडली, ओठ काढले. मग तिचा उजवा खांदा हलला. दंड थरथरला. कोपर वाकला, अगदी थोडा, एखादं जुनं दार किलकिलं व्हावं तसा, आणि हात गोंड्याच्या अलीकडे, एस्तेर सिस्टरच्या बोटांवर येऊन पडला. तिथेच त्याने एक बोट मुठीत धरलं.

ईश्वरी पदराने डोळे पुसत हसत होती. पुढच्या रांगेतला वेदांग मान वळवून बघतच राहिला. वृषालीताईंनी झांज कपाळाला लावली आणि मनातल्या मनात वडिलांना सांगितलं, चरण जागेवर आला.

पुढे पेटीवर सूर धरला गेला, उत्तररंग सुरू व्हायची वेळ झाली. वृषालीताई निघणार तोच सिस्टरनी त्यांचा पदर धरला. दुसऱ्या हाताचं बोट अजून वारणाच्या मुठीतच होतं.

"ताई, नवे मोजे आलेत. माझ्या साक्षीनंतर सगळीकडे बदलले. फार पातळ आहेत, म्हणतात सगळं जाणवतं. पण मनगटाला कुलूप आहे. बाळ बाहेर आल्याशिवाय ते निघत नाहीत." त्या आपल्या बोटावरच्या त्या इवल्या मुठीकडे बघत होत्या. "पुढचं बाळ अडकलं, तर मी काय केलं ते मोज्याला बरोबर कळेल. पण काय करायचं, ते मला कसं कळेल?"